तोंडावरचा रुमाल

जवळ सरका. ऑर्विल टिब्स माझा शेजारी, हॉलिवूडमध्ये बोलपटांचा आवाज तबकडीवर धरायचा. थापा मारणारा माणूस नव्हे.

एकोणीसशे तीस, चौदा नोव्हेंबर, शुक्रवार. दिवसा ट्रकांचा आवाज येतो म्हणून चित्रीकरण रात्रीच चालायचं. दोन वाजता सगळ्यांसाठी कॉफी घेऊन ऑर्विल परतला, तर चित्रपटाची नटी मॉड पायरीवर बसलेली. रडायचा प्रसंग दहा वेळा करूनही तिला रडू येत नव्हतं.

नवा दिग्दर्शक सांगून गेला होता, "पहाटेपर्यंत रडला नाहीत, तर सोमवारी दुसरी नटी येईल."

"कुणी सांगितल्याशिवाय मला नाही रे येत," मॉड म्हणाली.

सांगणारा होता हायरम काउल्स. मुक्या चित्रपटांतला नावाजलेला दिग्दर्शक. वीस वर्षं तो तोंडाला भोंगा लावून चालू चित्रीकरणातच सांगायचा, 'वळ. आता तो दिसला. रड, बाळ.' गिरणीतल्या मॉडची नटी केली ती त्यानंच. मग बोलपट आले. दिग्दर्शकानं गप्प बसायचं. म्हाताऱ्याला ते जमेना, आठ वेळा तोंडून निघून गेलं. शेवटी ऑर्विलनं त्याच्याच रुमालानं त्याचं तोंड बांधलं. तारेला मारतात ती दुहेरी गाठ.

"आता कसं गार वाटतं, साहेब!"

सगळे हसले. दुसऱ्याच दिवशी कंपनीनं त्याला काढलं. आठवड्याभरात तो खोलीत मेलेला सापडला. रुमाल गळ्यात उतरलेला. गाठ कुणाला सोडवेना. त्याला तसाच रुमालासकट पुरला.

"तू हसलीस तेव्हा," ऑर्विल म्हणाला.

"बांधलास तू."

मॉड उठून आत गेली.

अकराव्यांदा दिवे लागले. ऑर्विल काचेच्या खोलीत बसला. कानाला यंत्र लावलं. शांत... मग श्वास. म्हाताऱ्या माणसाचा.

वळ...

मॉड वळली.

आता तो दिसला...

ऑर्विलनं काचेतून पाहिलं. सगळ्यांची तोंडं बंद.

रड, बाळ...

मॉड रडली. दिवे विझले तरी रडतच होती.

तबकडी लावून ऐकली. तिचं रडणं तेवढं होतं. दुसरं काही नाही.

ऑर्विल उठला. खोलीचं दार आतून लावलेलं. खुर्चीच्या पाठीवर रुमाल होता. मातीनं भरलेला, मधोमध ओला...

गाठीच्या चुण्या होत्या. गाठ सुटलेली होती.