खडकवस्ती फाट्यावरच्या अकरा तक्रारी

एसटी अडवायला मी छत्री उघडून रस्त्याच्या मधोमध उभी राहिले, तेव्हा त्या गाडीत माझं नशीब बसलंय असं मला अजिबात वाटलं नव्हतं. मला फक्त कॉलेजला जायचं होतं. छत्री उन्हाची होती. आमच्याकडं ती त्यासाठीच घेतात.

आमची खडकवस्ती म्हणजे बावीस घरं आणि एक रुसलेला हातपंप. गाडी रोज समोरून धूळ उडवत जायची, पण थांबा होता पिंपळगावला, अडीच किलोमीटर पुढं, ओढ्यापलीकडं. सातवीपर्यंतची शाळा जवळ होती, आठवीसाठी मात्र तालुक्याला जावं लागायचं. त्यामुळं वस्तीतल्या पोरी सातवी झाल्या की आईबापाबरोबर ऊसतोडीला जायच्या. माझे आईवडीलही टोळीतच, पण त्यांनी मला कडूबाई आत्याकडं ठेवलं. आत्या रोज हातात काठी घेऊन मला ओढ्यापार घालवायला यायची. काठी कुत्र्यांसाठी आहे असं ती सांगायची, पण माझा चालायचा वेग तिच्यामुळंच वाढला. अशी मी दहावी झाले, बारावी झाले आणि सत्त्याण्णवच्या जूनमध्ये बी.ए.ला गेले.

तर, गाडी थांबली. रंगनाथकाका ड्रायव्हरनी असा ब्रेक मारला की आतल्या कुणाची तरी पिशवी थेट त्यांच्याशेजारी येऊन बसली. दार उघडलं आणि खाकीतला नवा कंडक्टर खाली उतरला. पंचविशीचा, सावळा, आणि मिशी इतकी नवी की अजून तिचा तिलाच भरवसा नव्हता.

"बाई, इथं थांबा नाही."

"गाडी तर थांबलीय."

"तुम्ही आडव्या उभ्या राहिलात म्हणून."

"मग उद्यापासून रोज आडवी उभी राहीन."

अशा वेळी कंडक्टरनं खेकसायचं असतं. हा हसला. मला आणखीच राग आला. गाडीत चढून मी म्हणाले, "तक्रार पुस्तक द्या."

त्यानं ते काढून दिलं, कोरं करकरीत. "माझ्या नोकरीतली पहिलीच तक्रार," तो म्हणाला. वर स्वतःचा पेनही दिला. मी लिहिलं — 'तुमचा कंडक्टर माजला आहे. खडकवस्तीला थांबा द्या.' तो दांडीला धरून उभ्याउभ्या वाचत होता.

"तारीख राहिली," तो म्हणाला. "गाडीचा नंबर पण. आणि... माजला आहे असं नका लिहू."

"का? झोंबलं?"

"झोंबलं थोडं. पण असलं लिहिलेलं साहेब वाचत नाहीत. 'वाहकाचे वर्तन समाधानकारक नव्हते' असं लिहा. मग वाचतात."

स्वतःवरची तक्रार दुरुस्त करून देणारा माणूस मी जन्मात पहिल्यांदा बघत होते. मुकाट्यानं तसं लिहिलं.

त्याचं नाव पंकज. संगमनेरकडचा, प्रवरेच्या पाण्यावर वाढलेला. एकदा मी त्याला टोचलं, "आमची माणसं तुमच्याकडचा ऊस तोडतात, आणि तुम्हाला आमच्यासाठी एक ब्रेक दाबवत नाही."

"ब्रेक रंगनाथकाकांकडं असतो," तो म्हणाला, आणि पुढची तिकिटं फाडायला गेला. परत येताना म्हणाला, "खरंय तुमचं."

रोज सकाळी मी रस्त्यात उभी. तो खाली उतरून "इथं थांबा नाही" एवढं नियमाचं वाक्य म्हणायचा आणि मग बाजूला सरकून मला वाट द्यायचा. आठवड्यातून एखादी तक्रार मी लिहायचीच. प्रत्येक तक्रारीखाली त्याला खुलासा लिहावा लागे — 'सदर प्रवासी रस्त्याच्या मध्यभागी उभी असल्याने गाडी थांबविणे भाग पडले.'

"दहावीनंतर एवढं मराठी मी लिहिलं नव्हतं," तो कुरकुरायचा.

"अक्षर सुधारलंय तुमचं."

"तुम्ही वाचता... माझे खुलासे?"

मी खिडकीबाहेर बघायला लागले. बाहेर नुसती बाभळीची झाडं होती, पण मी ती फार मन लावून बघितली.

जुलैपासून माझ्यामागं वस्तीतल्या पाच पोरी उभ्या राहू लागल्या. आठवीत नावं घातलेली, दोन वेण्या, गळ्यात पास. त्यांच्यात सगळ्यात हुशार आसारामदादाची भारती. तिला वाटेतले सगळे मैलाचे दगड पाठ होते. आईबाप टोळीला गेले की पाचहीजणी कडूबाई आत्याकडं राहतील असं मी सगळ्यांशी बोलून ठेवलं होतं. पण आसारामदादा बधत नव्हता.

"सत्ये, ह्यो कंडक्टर काय जलमभर ऱ्हानार हाय का?" तो म्हणाला. "उद्या दुसरा आला आन् न्हाई थांबला, मंग? आमी तिकडं फडात, पोरगी हितं रस्त्यावर. तू कागद आन. थांब्याचा कागद आला आन् गाडी आपसूक थांबली, तर भारती ऱ्हाईल. न्हाई तर दसऱ्यानंतर आमच्यासंगं येईल. धाकट्याला संभाळाया कुनीतरी लागतंच की."

त्याचं चुकत नव्हतं, म्हणून तर मला जास्त भीती वाटली. एकदा फडावर गेलेली पोर परत शाळेत आलेली मी पाहिली नव्हती. मी तक्रारींचा जोर वाढवला. विषय, संदर्भ, महोदय, सगळं शिकले. अकरावी तक्रार तर इतकी सुरेख जमली की पंकजनं ती दोनदा वाचली आणि "वा!" म्हणाला.

दुसऱ्या दिवशी गाडीत तो नव्हताच. बदली कंडक्टर होता आणि रंगनाथकाकांचं तोंड वाकडं होतं.

"पोरी, तू त्याच्या पोटावर का उठलीस गं?" ते म्हणाले. "अकरा तक्रारी! साहेबांनी बसवून ठेवलाय त्याला. परवा चौकशी हाय. नवं पोरगं, अजून कायम बी न्हाई. घालवतील त्याला."

मला वाटायचं, तक्रारी थांब्याच्या फायलीला लागतात. पण नसलेल्या थांब्याची फाईल कुठून असणार? आगारात त्या सगळ्या एकाच फायलीला लागल्या होत्या, आणि त्या फायलीवर नाव होतं पंकजचं. आणि हे त्या शहाण्याला पहिल्या दिवसापासून माहीत होतं!

तिसऱ्या दिवशी आम्ही सगळ्याजणी चौकशीला हजर झालो. मी, पाच पोरी आणि कडूबाई आत्या. आगारप्रमुख आप्पासाहेबांचा चष्मा कपाळावर होता. पंकज कोपऱ्यात उभा होता. मला बघून त्यानं मान हलवली, म्हणजे 'तुम्ही कशाला आलात.' मी पण मान हलवली, म्हणजे 'तुमच्याशी नंतर बोलते.'

"या वाहकाविरुद्ध अकरा तक्रारी, सगळ्या तुमच्या," साहेब म्हणाले. "बोला बाई, काय त्रास दिला यानं?"

मी तोंड उघडायच्या आत आत्या म्हणाली, "तरास? आवो सायब, पोरींची दप्तरं उचलून घेतो त्यो. माझी शेळी तेवढी गाडीत घेत न्हाई, त्यो एक तरास हाय."

"साहेब, तक्रार यांच्यावर नाही," मी म्हणाले. "थांब्यावर आहे."

"थांब्यावर तक्रार करायला आधी थांबा असावा लागतो. तिथं थांबाच नाही."

"म्हणूनच तक्रार आहे."

"थांब्याला प्रवासी लागतात, बाई. तिथून एक तिकीट फाटत नाही. तुमचे सगळे पास. आमच्या कागदावर खडकवस्तीला एकही प्रवासी नाही."

साहेबांच्या टेबलावर फाईल उघडी होती आणि वरच्याच पानावर माझं अक्षर होतं. त्याखाली पंकजचं अक्षर, त्याखाली गोल शिक्का. ते पान मी वरपासून खालपर्यंत वाचलं.

"साहेब, हा शिक्का कुणाचा?"

"आगाराचा."

"वर मी लिहिलंय, खडकवस्ती फाट्यावर गाडीत चढले. तारीख, वेळ, गाडीचा नंबर. खाली यांचा खुलासा, की सदर प्रवासी व पाच विद्यार्थिनी सदर ठिकाणी चढल्या. त्याखाली तुमची सही. हे खरं असेल तर तिथं प्रवासी आहेत, थांबा द्या. खोटं असेल तर माझ्या तक्रारी खोट्या, यांना सोडा. दोन्हीपैकी एक काय ते ठरवा."

माझा आवाज बाहेरच्या स्टँडपर्यंत गेला असावा, कारण शेंगदाणेवाला दारातून डोकावला. साहेबांनी चष्मा कपाळावरून नाकावर घेतला. पानं उलटली, पुन्हा उलटली.

"मुद्देसूद लिहिलंय," ते म्हणाले. "कुणी शिकवलं?"

पंकज छताचा पंखा निरखून बघायला लागला.

थांबा मंजूर झाला, तीन महिने तात्पुरता, दसऱ्यानंतरच्या सोमवारपासून. पंकजची नोकरी राहिली. पण थांबा नसताना गाडी थांबवल्याबद्दल त्याला आमच्या गाडीवरून काढून पुण्याच्या गाडीवर टाकलं, तेही त्याच दुपारपासून.

स्टँडवर मी त्याला गाठलं. "तुम्ही आधीच सांगायचं नाही? तक्रारी तुमच्या नावावर जातायत म्हणून?"

"सांगितलं असतं तर तुम्ही बंद केल्या असत्या."

"केल्याच असत्या!"

"मग थांब्याचं काय झालं असतं? आणि..." त्याची गाडी सुटत होती. तो पळता पळता वळून ओरडला, "आणि माझं काय झालं असतं?"

एवढं बोलून माणूस पुण्याला निघून गेला. मला त्याची आठवण येत होती, उगाच आडवळणानं कशाला सांगू! वर्गात मास्तर काही विचारायचे आणि मला 'सदर प्रवासी' आठवायचं. दसरा आला नि गेला, त्याचा पत्ता नाही. आत्या म्हणाली, "जेव गं, कंडक्टर काय तुझ्या उपाशी ऱ्हान्यानं येतोय व्हय?" तिला मी एक अक्षर सांगितलं नव्हतं.

सोमवार उजाडला. टोळीचा ट्रकही त्याच सकाळी फाट्यावर लागलेला. भांडी, बिऱ्हाड, कोंबड्या, माणसं, सगळं वर चढलेलं. माझे आईवडील त्यांच्या टोळीबरोबर आदल्याच दिवशी गेले होते. आणि भारती धाकट्या भावाला मांडीवर घेऊन ट्रकात बसलेली. दप्तर मात्र पाठीवरच होतं. मी थांब्याचा कागद आसारामदादाच्या हातात दिला. त्यानं तो उलटा-सुलटा पाहिला, घडी घालून परत दिला.

"कागद आला, बरं झालं. पन गाडी थांबू दे. आन् तू रस्त्यात उभी ऱ्हायची न्हाई."

मी रस्त्याच्या कडेला उभी राहिले. छत्रीसुद्धा मिटली. लांबून धूळ दिसली. रंगनाथकाकांना आज सुट्टी, गाडीवर नवा ड्रायव्हर. गाडी आली... वेग काही कमी होईना... माझ्यासमोरून पुढं गेली. ट्रकवरच्या बायांनी च्-च् केलं. आणि मग आतून कुणीतरी मोठ्यानं ओरडलेलं ऐकू आलं — "ओ मास्तर, खडकवस्ती! उतरायचंय!" घंटी वाजली. गाडी पंचवीस पावलं पुढं जाऊन थांबली.

दारातून निळा शर्ट घातलेला एक माणूस उतरला. खाकी नव्हती म्हणून क्षणभर ओळखू आला नाही. मिशीही काढून टाकली होती. खडकवस्ती फाट्यावर रीतसर तिकीट काढून उतरलेला पहिला प्रवासी!

आसारामदादानं गाडीकडं पाहिलं, मग भारतीकडं. बाळाला तिच्या मांडीवरून उचलून त्यानं बायकोकडं दिलं. "उतर," तो एवढंच म्हणाला. भारतीनं ट्रकवरून उडी मारली ती थेट गाडीच्या दारात. बाकीच्या चौघी तिच्यामागं पळाल्या.

"आज सुट्टी आहे माझी," पंकज म्हणाला. "म्हटलं, यावं."

"मला कॉलेज आहे! मला याच गाडीनं जायचंय."

"पण मी तर... तुमच्यासाठी उतरलो."

"मग बोला लवकर."

नवा कंडक्टर घंटीच्या दोरीला हात लावून उभा. गाडीतले लोक खिडक्यांतून वाकलेले. पंकजला घाम फुटला.

"मला तुम्ही आवडता," तो म्हणाला. "पहिल्या तक्रारीपासून. लग्न कराल का माझ्याशी? बी.ए. होऊ द्या आधी, मला घाई नाही..."

साहेबांपुढं फाडफाड बोलणारी मी, नुसती छत्रीची मूठ फिरवत राहिले. मागं ट्रकचा हॉर्न वाजला. एसटीमुळं त्याची वाट अडली होती.

"सत्ये, व्हय म्हन की!" ट्रकवरून आसारामदादा ओरडला. "आमाला लांब जायचंय!"

"हो!" मी म्हणाले. पहिल्यांदा बारीक, मग सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्यानं, "हो म्हणाले ना!" आणि पळत जाऊन गाडीत चढले.

डबल बेल झाली. खिडकीतून पाहिलं तर पंकज तिथंच उभा होता, आनंदानं खुळा झालेला. संध्याकाळपर्यंत परतीची गाडी नाही हे त्याच्या आत्ता ध्यानात येत होतं. शेळी घेऊन ट्रकला निरोप द्यायला आलेली कडूबाई आत्या त्याच्याकडं चालत गेली. "जावई, नुसते उभे काय?" असं म्हणून तिनं शेळीचं दावं त्याच्या हातात दिलं.

गाडी ओढ्यावरून गेली. भारती खिडकीला नाक लावून मैलाचे दगड मोजत होती.