ऋजुताचा पहिला घोट

पाणी शुद्ध आहे, असं यंत्र सांगत होतं. चाखणाऱ्या चौघांनाही मात्र ते कडू लागलं होतं. मग चुकत कोण होतं?

चंद्रावरच्या वसाहतीत वापरलेलं पाणी गाळून पुन्हा वापरत. यंत्रात बिघाड असला तर कळावा, म्हणून नवी टाकी उघडण्याआधी चौघं जण एका टेबलाभोवती बसून पाणी चाखत. लहानांच्या जिभेला कडू लवकर कळतं, म्हणून पहिला घोट सर्वांत लहानाचा. आज तो मान प्रथमच ऋजुताला मिळाला होता. आपलं चुकलं तर, या विचाराने तिला रात्री झोप लागली नव्हती. घोट घेताच तिचं तोंड वाकडं झालं. मग बाकीच्यांचीही तोंडं वाकडी झाली. चौघांतले तांबोळीकाका म्हणाले, "रोज माझ्याच हातचा कडवट चहा पिणारा माणूस मी. तरी मला कडू लागलं."

आता टाकी रिकामी करावी लागणार होती आणि दुसरी भरेपर्यंत चंद्रावरचा पहिला गहू वाळणार होता.

वसाहतीची रसायनतज्ज्ञ नलूआत्या. तिने चौघांना वेगवेगळ्या खोल्यांत बसवलं आणि एकसारखे पेले पाठवले. काहींत नवं पाणी, काहींत कालचं. कशात काय, हे पेले नेणाऱ्या यंत्रमानवालाही ठाऊक नव्हतं.

ऋजुताने पुन्हा पुन्हा चाखून एक पेला पुढे केला. तोच कडू होता. तिची खात्रीच होती.

आत्याने पेल्याखालची खूण दाखवली. ते कालचं पाणी होतं. काल जेवताना ऋजुता तेच मागून मागून प्यायली होती. बाकीच्यांची उत्तरंही एकमेकांशी जुळत नव्हती. तांबोळीकाकांना तर काहीच कडू लागलं नव्हतं.

"म्हणजे मी खोटं बोलले?"

"नाही गं. तुला खरंच कडू लागलं."

मग आत्याने समजावलं. जिभेवरचे स्वादग्राहक (चव टिपणारे सूक्ष्म भाग) फक्त निरोप पाठवतात. चव ठरवतो मेंदू. कित्येक विषं कडू असतात, म्हणून घाबरलेला मेंदू कडूची धास्ती घेतो. कधी कधी नसलेलं कडूही त्याला जाणवतं.

"आणि बाकीच्यांना का लागलं?"

"त्यांनी आधी तुझा चेहरा चाखला, मग पाणी."

"पण खरंच कडू असतं तर?"

"तर वेगळं बसूनही सगळ्यांनी नव्या पाण्याचेच पेले पुढे केले असते."

यापुढे चाखणारे वेगवेगळ्या खोल्यांत बसणार होते. मंगळावर जाणारी तुकडीही हीच रीत नेणार होती.

गव्हाला नव्या टाकीचं पाणी सोडलं. वाफ्यातली माती हळूहळू काळी होत गेली. ऋजुताने एक पेला भरून घेतला. ते अजूनही किंचित कडू लागलं. ती क्षणभर थांबली आणि सगळं पाणी प्यायली.