कानामागचा सोनेरी ठिपका

आमची पहिली भेट टेबलाखाली झाली. बाहेर पाऊस रिपरिपत होता, वर केक वाट बघत होता, आणि मी गुडघ्यांवर रांगत एका बाजूने आत शिरले तर दुसऱ्या बाजूने तो. मधे बसली होती वाढदिवसाची मुलगी. गाल फुगलेले, दोन्ही हातांनी डोकं घट्ट झाकलेलं.

"तुम्ही कोण?" मी कुजबुजले.

"गुन्हेगार," तो म्हणाला. "हिचा मामा. केस मीच कापले."

मामाचं कोपऱ्यावर सलून होतं. आदल्या दिवशी भाचीनेच हट्ट धरला म्हणून त्याने तिचे केस पार कानांच्या वर कापले होते. कापले होते मात्र सुरेख, उगाच खोटं कशाला बोलू. पण आज एका मैत्रिणीने नाक मुरडून सांगितलं, आखूड केसांची राजकन्या नसतेच. झालं... बाईसाहेब टेबलाखाली.

मी वाढदिवसांना मुलांचे चेहरे रंगवते, आणि राजकन्या ही माझी खासियत. स्टिकर नाही, छाप नाही, सगळं हाताने. माझ्या हातून कितीतरी मुली राजकन्या झाल्यात, पण एकीचा मुकुट दुसरीसारखा नाही. आणि आता कुणीतरी माझ्या राजकन्येला केसांवरून नाकारत होतं.

"मामा, केस परत लाव," ती हुंदका देत म्हणाली.

"ते नाही गं जमत मला. कापणंच जमतं."

"बरं झालं कापले," मी म्हणाले. "लांब केसवालीचा मुकुट फक्त कपाळावर. मागे केसांत काय काढणार, डोंबल? तुला पूर्ण गोल मुकुट मिळेल. पाठूनसुद्धा."

बोलून तर बसले. असा मुकुट मी जन्मात काढला नव्हता. फसला असता तर पोरीचा वाढदिवस गेला असता आणि माझं नावही.

ती बाहेर आली. मामाने कंगवा ओला करून बारीक केस चापून बसवले. मी कपाळापासून सोनेरी वेल सुरू केली, कानावरून वळवली... हनुवटी धरायला हात पुढे केला, तर तिथे त्याची दोन बोटं आधीच होती.

"तुम्हीपण असंच धरता?" मी विचारलं.

"दाढी करताना. नाहीतर नाक जातं."

"माझ्याकडे फार तर मुकुट वाकडा होतो."

"तुमच्या हातून? शक्यच नाही," तो म्हणाला. बोटं त्याने जरा उशिरानेच काढली — मीही काही घाई केली नाही.

मानेच्या खळगीत निळा खडा रंगवून मी ब्रश ठेवला. आरसा मी समोर धरला. तेवढ्यात त्याने भिंतीवरचा दुसरा काढला आणि सलूनमध्ये गिऱ्हाइकाला धरतात तसा तिच्या मानेमागे धरला. ती बघतच राहिली.

"मला मागूनपण मुकुट आहे," तिने सगळ्यांना ऐकवलं.

नाक मुरडणारी मैत्रीण हळूच मामाजवळ सरकली. "माझेपण कापाल?"

मला इतका अभिमान वाटला की हसू आवरेना. नेहमीप्रमाणे शेवटी मी तिच्या डाव्या कानामागे एक ठिपका दिला.

"थांबा," तो म्हणाला. "हा ठिपका तुमचा? माझ्या खुर्चीत बसणाऱ्या कितीतरी पोरांच्या कानामागे बघतोय. म्हटलं, हा कसला नवा आजार!"

"सही आहे ती माझी. आजवर कुणाच्या लक्षात आली नव्हती."

"पोरं कानामागे धूत नाहीत, आणि तिथे आम्हीच बघतो."

पार्टी आटोपल्यावर मी ब्रश धूत होते. तो शेजारी उगाचच टॉवेलच्या घड्या घालत होता.

"सगळं आज आंघोळीत जाणार, नाही?"

"माझं काम मोरीतच जातं."

"माझं केरात." त्याने घातलेली घडी पुन्हा मोडली. "आपलं दोघांचंही काम टिकत नाही... म्हणून माणूस तरी टिकाऊ बघावं म्हणतो."

मी मान वर केली नाही. पण कान तापले, आणि सलूनवाल्याला ते दिसलेच असणार. खरं सांगते, तो मला टेबलाखालीच आवडला होता.

"सही फक्त काम पूर्ण झाल्यावर करते मी," मी बजावलं.

त्याने डावा कान पुढे दुमडला. मी सगळ्यात बारीक ब्रश उचलला, दोन बोटांनी त्याची हनुवटी धरली.

"हलू नका."

"श्वास घेऊ?"

"थोडा."

आता दुकान उघडायच्या आधी रोज सकाळी मी तो ठिपका नव्याने काढते. नवं गिऱ्हाईक हमखास विचारतं, कानामागे काय लागलंय हो?

"बायकोची सही आहे," तो सांगतो, आणि नीट दिसावी म्हणून स्वतःच आरसा मागे धरतो.