अकरावा पट्टा

बाकीसचं आणि माझं पहिलं बोलणं म्हणजे एक कचकचीत शिवी. दिली त्याने, आणि दिली माझ्या कुंपणाला.

फेब्रुवारीतली सकाळ होती. भुरभुर पाऊस चालला होता आणि मी मेंढ्या नुकत्याच अकराव्या पट्ट्यात सोडल्या होत्या. या पट्ट्याची एक कड शेजारच्या, चीजघर चालवणाऱ्या पास्का आत्याच्या हद्दीच्या दगडी भिंतीला लागते. भिंत मध्ये जरा ढासळलेली, म्हणून मी तिच्या माथ्यावरून विजेच्या झटक्याची तार ओढून ठेवली होती. पलीकडून कुणीतरी भिंतीत उगवलेले शतावरीचे कोंब खुडायला हात घातला आणि...

"लागला का?" मी धावत जाऊन विचारलं.

"छे! हात असाच नाचतो माझा. लहानपणापासून." भिंतीमागून एक ओलं डोकं वर आलं. कुरळे केस, त्यांवर पावसाचे थेंब, आणि डोळ्यांत राग आणायचा प्रयत्न. "पाटी लावायची पद्धत नाही वाटतं तुमच्यात?"

"लावलीय की. माझ्या बाजूने. तुमच्या बाजूला आजवर फक्त आत्याची डुकरं यायची. ती वाचत नाहीत."

तो हसला. म्हणजे आधी हसू दाबायला गेला, मग सोडून दिलं. "बाकीस. पास्का आत्याचा भाचा. नोव्हेंबरात आलोय, चीज करायला शिकतोय. आणि तू ती जाळीवाली."

मी कळप रोज जाळ्यांच्या कुंपणात चारते, म्हणून गावाने मला हेच नाव ठेवलं होतं. मी मानेनेच हो म्हटलं.

"तुझंच दूध माझ्या कढईत येतं रोज," तो म्हणाला. "इतके दिवस मी दुधाला ओळखत होतो, आता मालकिणीला बघितलं."

खरं तर मी तार नीट करून निघायला हवं होतं. पण त्याने शतावरीची अर्धी जुडी भिंतीवर ठेवली, मी ती उचलली, आणि मग तो दिवसभर कढईजवळ कमी आणि भिंतीजवळ जास्त दिसला. संध्याकाळी मी जाळ्या गुंडाळायला लागले तेव्हा त्याने विचारलं, "उद्या इथेच?"

"उद्या बाराव्यात. इथे परत चाळीस दिवसांनी."

"चाळीस! तुला माझा एवढा कंटाळा आला?"

"तुझा नाही रे. गवताला विसावा लागतो."

"गवताला..." तो भिंतीवर हनुवटी टेकून म्हणाला. "आणि बाकीच्यांनी काय करायचं?"

मी जाळी खांद्यावर टाकून निघाले. पण बाराव्या पट्ट्यात खुंट्या ठोकताना त्यातल्या निम्म्या मी वाकड्या ठोकल्या, हे कबूल करते.

*

आता बाबांचा आणि माझा करार सांगायला हवा. आमचं रान दगडी भिंतींनी बांधलेलं, वरच्या पठारावर. सार्डिनियातल्या बाकीच्या धनगरांसारखे बाबाही मेंढ्या सकाळी सोडायचे आणि त्या हवं तिथे चरायच्या. चविष्ट गवत पुन्हा पुन्हा ओरबाडायच्या, मुळापासून संपवायच्या, आणि काटे तेवढे मागे ठेवायच्या. मी स्पेनमध्ये दोन वर्षं एका मेंढपाळ बाईकडे राबून आले आणि म्हटलं, बाबा, रानाचे चाळीस पट्टे करूया. कळप रोज एका पट्ट्यात. एकदा खायचं, तुडवायचं, लेंड्या टाकायच्या आणि पुढे निघायचं. मुळं सावरून गवत गुडघ्याला लागेपर्यंत तिथे खूर पडू द्यायचा नाही.

"मेंढीला काय खायचं ते मेंढीला कळतं," बाबा म्हणाले. "तू कशाला तिच्या ताटात हात घालतेस?"

शेवटी गुडघे दुखायला लागले म्हणून ते बसले आणि मला एक हंगाम मिळाला. एकच. सान मार्कोच्या सणाला, एप्रिलच्या पंचवीस तारखेला, ते काठी घेऊन चाळीसही पट्टे चालून बघणार होते. उन्हाळ्यापुरतं गवत उभं असलं तर रान माझं. नसलं तर जाळ्या गुंडाळायच्या, निम्मा कळप विकायचा आणि रान बार्ली पेरणाऱ्याला नांगरायला द्यायचं. नांगर फिरला की आमची ती पातळ माती पहिल्या वादळात दरीत जाते. हे बाबांनाही ठाऊक होतं, पण ते थकले होते.

*

मार्चच्या अठरा तारखेला चाळीस दिवस भरले. मी केस धुतले होते. मेंढ्यांना त्याचं काही नव्हतं.

बाकीस भिंतीपाशी आधीच उभा होता, हातात वाफाळत्या रिकोटाची, ताज्या मऊ चीजची, टोपली. "तुझ्याच दुधाची आहे, मालकीणबाई. चाखून सांगा."

मी बोटानेच खाल्ली. गोड, कोमट, जराशी गवताच्या वासाची.

"तुमचं दूध पट्ट्यागणिक बदलतं, माहितीये?" तो म्हणाला. "ओढ्याकडच्या पट्ट्यांतलं गोडसर, तिथे क्लोव्हरचा चारा जास्त असणार. वरच्या खडकाकडचं जरा कडवट. मी डोळे मिटून सांगू शकतो काल तू कुठे होतीस."

आजवर माझ्या रानाबद्दल इतकं बारीक कुणी बोललं नव्हतं. मला काय झालं कुणास ठाऊक, मी तारेची वीज बंद केली आणि म्हटलं, "असा लांबून काय बोलतोस? ये की भिंतीवरून इकडे."

"वेडी आहेस का? तुझे बाबा बंदूक काढतील. आपल्याकडे भिंतीवरून येतो तो मेंढीचोर."

"मग दारातून ये. रस्त्याने पाच किलोमीटर तर आहे."

"दारातून, एकटा, आंघोळ करून?" त्याने भुवया उडवल्या. "म्हणजे मागणी घालायला आलो असंच होतं. आत्याने पहिल्याच दिवशी बजावलंय."

"मग जो चोरही नाही आणि... दुसराही नाही, त्याने काय करायचं?"

"त्याने असंच भिंतीला टेकायचं," तो म्हणाला आणि माझ्या हनुवटीला लागलेली रिकोटा पुसायला हात पुढे केला. मग मध्येच थांबला. मी मागे सरले नाही, एवढं मात्र त्याने पाहिलं.

चाळीस दिवस! या खेपेला मला ते मोजवेनात. वसंतात गवत भराभर वाढतं, मी मनाशी म्हटलं. आणि नऊ दिवसांनी, फेरी मोडून, कळप पुन्हा अकराव्या पट्ट्यात घेऊन गेले.

गवत वीतभरही नव्हतं. मला ते दिसलं, आणि न दिसल्यासारखं मी केलं. मग सात दिवसांनी पुन्हा. मग आणखी सात दिवसांनी. त्यातून पाऊस दडी मारून बसलेला, दक्षिणेचा कोरडा वारा सुटलेला. तरी काय ते दिवस! तो गाणी चुकीच्या शब्दांनी म्हणायचा, मी दुरुस्त करायची. तो मला चीजची कड आणून द्यायचा, मी त्याला नव्या कोकरांची नावं ठेवायला सांगायची. एका कोकराचं नाव त्याने 'झटका' ठेवलं.

तिसऱ्या वेळी, एप्रिलच्या दहा तारखेला, तो हात हलवत आला. रिकोटा नाही, शतावरी नाही. भिंतीवर हात ठेवून नुसताच उभा राहिला.

"काय झालं? आत्या रागावली?"

"बोनारिया... दूध पातळ येतंय."

"कधीपासून?"

"रोज नाही. मला आधी वाटलं मेंढ्या आजारी पडल्या. मग मी तारखा लावून बघितल्या." तो माझ्याकडे बघेना. "तू इथे असतेस त्याच्या दुसऱ्या दिवशी. तीस लिटरने कमी आणि नुसतं पाणी."

मी खाली बसले. चिमटीत गवत धरलं आणि ओढलं. ते तुटलं नाही, मुळासकट हातात आलं. ज्या पट्ट्यात मार्चमध्ये माझे बूट दिसत नव्हते, तिथे मातीला भेगा दिसत होत्या. बाबांच्या कळपाने जे तीस वर्षं केलं, ते मी तीन आठवड्यांत करून दाखवलं होतं. शिवाय इथे अधूनमधून घुसल्यामुळे मधले पट्टे तसेच राहून गवत जून झालं होतं, ते वेगळंच.

"तुला कधी कळलं?" मी विचारलं.

"मागच्या खेपेला."

"मग तेव्हाच का नाही बोललास?"

"कारण सांगितलं की तू येणार नाहीस." त्याचा आवाज अगदी लहान झाला. "आठ दिवस स्वतःशी भांडलो. पण तुझ्या रानाचं वाटोळं करून तुला भेटायचं... नाही जमलं मला."

मला त्याचा राग यायला हवा होता. आला नाही. उलट तो इतका आवडला की डोळ्यांत पाणी आलं, आणि त्याच पाण्यासकट मी म्हटलं, "हा पट्टा बंद करावा लागेल."

"किती दिवस?"

"मुळं सावरेपर्यंत. ऑक्टोबर."

"ऑक्टोबर," तो म्हणाला.  मी कळप हाकलला, मोकळ्या पट्ट्यात नेला, आणि अकराव्याच्या तोंडाशी दुहेरी जाळी लावून तिला लाल फडकं बांधलं. रात्री जेवण गेलं नाही. बाबांनी माझ्या ताटाकडे बघितलं.

*

वीस तारखेला पाऊस पडला, दोन दिवस, सावकाश, सगळा जमिनीत मुरणारा. पंचवीसला बाबांनी ठेवणीतली टोपी घातली, काठी घेतली आणि आम्ही निघालो.

ते कुठे काठी खुपसून माती उकरायचे, कुठे वाकून वास घ्यायचे. ओढ्याकडच्या पट्ट्यात त्यांच्या मांड्यांना गवत लागलं तेव्हा ते थांबले. शेणकिडे लेंड्या घेऊन मातीखाली चालले होते, ते बराच वेळ बघत बसले. "हे मी शाळेत जायचो तेव्हा असायचे," एवढंच म्हणाले.

मग लाल फडकं आलं. जाळीपलीकडे पट्टा तसाच उघडाबोडका, पावसाने कुठे कुठे हिरवी लव आलेली.

"हे काय?"

"माझी चूक," मी म्हटलं. "वेळेआधी मेंढ्या आणल्या."

"किती वेळा?"

"तीनदा."

बाबांनी पट्टा बघितला, मग भिंत बघितली, मग भिंतीपलीकडून निघणारा चीजघराचा धूर बघितला. "या गवताला मेंढ्या नाही लागल्या," ते म्हणाले. "माणूस लागलाय."

मी मान खाली घातली. संपलं, मला वाटलं. जाळ्या, कळप, रान, सगळंच. बाबा काठी टेकत घराकडे वळले.

आणि घराशी येतो तर दारात बाकीस. रस्त्याने, चालत, पाच किलोमीटर. पांढरा सदरा, विंचरलेले केस, आणि बूट गुडघ्यापर्यंत चिखलात. 

"पास्काचा भाचा ना?" बाबा म्हणाले. "काय काम काढलं? दुधाचं असेल तर आत्याच्या टेम्पोने निरोप आला असता."

"दुधाचं नाही, काका."

"मग?"

"अकरावा पट्टा बंद आहे," बाकीस म्हणाला. कान लाल झाले होते, पण नजर हलली नाही. "आणि मला ऑक्टोबरपर्यंत दम निघत नाही. म्हणून दारातून आलो. मला बोनारिया आवडते. तुम्ही हो म्हणाल तर रोज येईन, नाही म्हणालात तर... उद्या परत विचारायला येईन."

बाबा ओट्यावर बसले. काठी गुडघ्यांवर आडवी ठेवली. 

"बंद कुणी केला तो पट्टा?" त्यांनी विचारलं. "तू सांगितलंस तिला?"

"मी फक्त दूध पातळ येतंय म्हणालो. बंद तिने केला. त्याच क्षणी."

"हं." बाबा माझ्याकडे वळले. "माझ्या रानात असे कितीतरी तुकडे मी खरवडून काढले, पोरी. मला दिसत होतं. दरवर्षी म्हणायचो, यंदा या तुकड्याला विसावा देऊ. कधी दिला नाही. दुसऱ्या दिवशी मेंढ्या तिथेच." त्यांनी टोपी काढून डोकं खाजवलं. "जिथे जीव अडकलाय तिथली वाट जिला स्वतः बंद करता येते, तिला रान सांभाळता येईल. राहू देत जाळ्या."

मी काही बोलायच्या आत ते उठले. "आणि याला विचार, धार काढता येते का. एकशेतीस मेंढ्या ताटकळल्यात आणि माझे गुडघे आज संपले."

त्याला येत नव्हती. पहिल्याच मेंढीने त्याला लाथ घातली, दुसरी त्याच्या पांढऱ्या सदऱ्यावर शिंकली. मी शेजारी बसून त्याच्या बोटांवर बोटं ठेवली आणि दाखवलं, असं वरून खाली, ओरबाडायचं नाही. पहिली बारीक धार बादलीत वाजली तेव्हा तो माझ्याकडे बघून असा हसला की मला पुढची मेंढी दिसेना.

"तू काही बोलली नाहीस," तो हळूच म्हणाला. "मी एवढं सगळं बोललो तुझ्या बाबांपुढे, तू एक अक्षर नाही."

"काय बोलू?"

"काहीही. हो, नाही, वेडा..."

"हो," मी म्हटलं. "आवडतोस. पहिल्या शिवीपासून आवडतोस. आता बादली सरळ धर, दूध सांडतंय."