दोन झाऱ्या, एक आडनाव

"झारीवाल! पार्सल!"

पिंप्राळ्यातल्या कुरिअरच्या दुकानातून लीलाधरभाऊंनी हाक दिली आणि एकाच वेळी दोन आवाज उठले.

"हो, माझंच!"

"इकडे द्या!"

रुचीनं पुढे केलेला हात तसाच राहिला. त्याच्या शेजारी आणखी एक हात होता... सावळा, लांब बोटांचा, मनगटावर काळ्या मातीचा वाळलेला ठिपका. तिनं नजर वर केली. तोही तिच्याकडेच पाहत होता, डोळे असे विस्फारलेले की जणू आरशातून कुणी त्याला हाक मारली असावी.

लीलाधरभाऊ मूळचे धुळ्याकडचे. नवल वाटलं की त्यांची जीभ आपसूक गावाकडे वळायची. "आते काय करो भो? पार्सल एक शे, नि झारीवाल दोन! बठ्ठा जळगावमा या आडनावनं एकच घर शे, असं मी समजत व्हतू!"

तसं तर रुचीही समजत होती. शाळेत विद्यार्थिनी होती तेव्हा आणि आता त्याच शाळेत गणित शिकवते तेव्हाही, नवा माणूस भेटला की पहिला प्रश्न ठरलेला - "झारीवाल? हे कुठलं आडनाव?" आणि आज हा अनोळखी मुलगा त्याच नावाला 'हो' म्हणून समोर उभा.

"तुम्ही... खरंच झारीवाल?"

"आधार कार्ड दाखवू?" तो हसला. हसताना त्याचा डावा गाल जरा जास्त वर जायचा. "संयम झारीवाल. अमरावतीचा. महिना झाला इथल्या माती परीक्षणाच्या प्रयोगशाळेत लागून. शेतकरी माती आणतात, मी तिच्यात काय कमी आहे ते सांगतो."

"नुसती कमीच सांगता?"

"जास्त असेल तर तेही सांगतो. तुमच्यात कुतूहल जास्त आहे."

रुचीला हसू आलं. ते लपवायला ती पार्सलावरचा पत्ता वाचू लागली. तिचंच होतं. सामायिकाला, रोजच्या ध्यानाला बसायचं लोकरी आसन. पैसे-सही आटोपून ती स्कूटीकडे वळली, किल्ली फिरवली... स्कूटी काही बोलेना. तिनं घड्याळ पाहिलं. सात वाजायला चार मिनिटं. पश्चिमेला ढगांची एक कड तेवढी केशरी राहिली होती.

"कुणी वाट बघतंय का घरी?" तो मागून म्हणाला.

"सूर्य. सात वाजून पाच मिनिटांनी मावळतो आज. मग उद्या सकाळपर्यंत पाणीसुद्धा नाही, चौविहार आहे माझा. आणि दुपारपासून घोटभरही..." ती थांबली. अनोळखी माणसाला इतकं का सांगतोय आपण?

त्यानं पिशवीतून बाटली काढली.

"उकळलेलं आहे?" तिनं विचारलं.

"आई रोज फोनवर हेच विचारते. म्हणून रोज उकळतो."

बाटलीला तोंड लावणं तिला पटेना. तिनं ओंजळ पुढे केली. तो जरा वाकला आणि अगदी बारीक धार धरून ओतू लागला... एक थेंब बाहेर नाही. रुची पाणी पीत होती आणि तिच्या मनात उगीच येत होतं की या धारेची या हाताला सवय असावी. तिनं डोळे उघडले तेव्हा केशरी कड विझली होती.

"पोचलं वेळेत?" त्यानं विचारलं.

"पोचलं," ती म्हणाली. आवाज नेहमीपेक्षा हळू का आला, ते तिलाही कळलं नाही.

*

प्रकाशचंद झारीवालांचं भांड्यांचं दुकान. दुकान उत्तम चालायचं, घरात लताबाईंसारखी शांत बायको, रुचीसारखी गुणी लेक. खंत एकच - हे आडनाव. खानदेशातल्या जैन समाजाची कुटुंब-दर्शिका नवी निघाली की ते चष्मा लावून 'झ' काढायचे. जळगाव जिल्हा, झारीवाल : घर एक, माणसं तीन. धुळे जिल्हा : निरंक. धुळ्यात त्यांची थोरली बहीण सुगनबाई होती खरी (रुचीची आत्या, म्हणून घरात सगळ्यांचीच 'भुवासा'), पण ती लग्नानंतर कांकरिया. आता रुचीचं लग्न झालं की तिनाचे दोन होणार आणि पुढे...? पुढचं ते बोलायचे नाहीत. पुस्तक मिटून ठेवायचे.

त्यामुळे रुचीनं कुरिअरच्या दुकानातली गंमत सांगताच ते ताटावरून उठलेच. "संयम? अमरावती? अगं, रविवारी जेवायला बोलाव त्याला!"

रविवारी संयम आला, तो हातात कापडात गुंडाळलेलं काहीतरी घेऊन. "आमच्या घरातली जुनी वस्तू आहे. मी बाहेरगावी राहायला निघालो तेव्हा आईनं बरोबर दिली. म्हणाली, झारीवालाजवळ झारी हवी."

कापड सुटलं. आत पितळी झारी. बारीक मान, बाकदार तोटी, पोटावर वेलीची नक्षी.

प्रकाशचंद देवघराकडे गेले आणि आपली झारी घेऊन आले. दोन्ही टेबलावर शेजारी ठेवल्या. तीच मान, तीच तोटी, तीच वेल. जन्म भांड्यांत गेलेल्या माणसाची नजर ती. "एका कारागिराच्या हातच्या आहेत," ते म्हणाले. "लता, अगं हे आपलं घर आहे! आपली भाऊकी सापडली!"

त्यांनी संयमला मिठी मारली. मग डोळे पुसत, तोंडभर हसत, ते रुचीकडे वळले. "बेटा, इतकी वर्षं राखीचं ताट घेऊन तू नुसती देवासमोर उभी राहायचीस. या वर्षी तुला भाऊ मिळाला. सुगनबाई राखीला येणारच आहे धुळ्याहून. तोवर तिला कुणी एक अक्षर सांगायचं नाही, तिला असा धक्का देऊ या! कबूल?"

"कबूल," रुची म्हणाली. कबूल केलेलं ती मोडत नसे, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

टेबलापलीकडे संयमचा घास हातातच राहिला होता.

राखी पौर्णिमेला वीस दिवस होते.

*

वीस दिवसांत बरंच काही होऊ शकतं. तो संध्याकाळी यायचा - कधी असोद्याची केळी घेऊन, कधी नुसताच. प्रकाशचंद त्याला जुन्या दर्शिका दाखवत बसायचे. पावणेसात वाजले की तो स्वतःच उठायचा, "चला, सूर्याची वेळ झाली," म्हणत स्वयंपाकघराच्या दारात जाऊन रुचीच्या पेल्यात, इथंच ठेवलेल्या आपल्या झारीनं पाणी ओतायचा.

"पावसाळ्यात तुम्ही पालेभाजी खात नाही, कांदा-बटाटा तर कधीच नाही, रात्री पाणी नाही," एकदा तो म्हणाला. "मग तुम्हाला आवडतं तरी काय?"

"वेळेवर येणारी माणसं."

"आणि वेळेवर जाणारी?"

ती पेल्यावरून नुसतं बोट फिरवत राहिली... आणि त्याला जे समजायचं ते समजलं.

मग आठ दिवस तो आलाच नाही. राखीला तीन दिवस उरले आणि साध्वींच्या उपाश्रयाच्या फाटकाबाहेर, श्रावणातल्या त्या ऊन-पावसात, तो छत्री मिटून उभा दिसला.

"अमरावतीला फोन केला," तो म्हणाला. "आईला इतकंच ठाऊक आहे की दादाजी तरुणपणी धुळ्याहून आले. त्याआधीचं सांगणारं कुणी नाही. म्हणजे... तुमच्या पप्पांचं खरं असेल."

"असेल."

"आडनाव एक म्हणजे गोत्र एक. गोत्र एक म्हणजे बहीण-भाऊ."

"हो."

"मग बांधणार राखी?"

रुचीनं रोज सकाळी घेतलेल्या नियमांत एक नियम कधी बदलत नसे - खोटं बोलायचं नाही. ती ओल्या फरशीकडे पाहत म्हणाली, "तोंडानं खोटं बोलत नाही मी. मग हातानं तरी कशी बोलू?"

संयमच्या चेहऱ्यावर ऊन आलं, आणि लगेच गेलंही. "मग पप्पा?"

"तेच तर... त्यांना इतकं खूश मी कधी पाहिलं नाही हो."

*

राखीच्या दिवशी संध्याकाळी सुगनबाई एसटीनं आल्या. पंच्याहत्तरीच्या, ठेंगण्या, पिशवीत घरच्या खाकऱ्यांचा डबा आणि आवाजात अख्खी धुळ्याची बाजारपेठ. भावाला राखी बांधून, पेढा भरवून त्या सोफ्यावर जरा टेकल्या, तोच प्रकाशचंदांनी आतल्या खोलीतून संयमला हाताला धरून आणलं आणि पाटावर बसवलं. "भुवासा, आता बघ हां. रुची, ये बेटा!"

रुची ताट घेऊन आली. कुंकू, अक्षता, दिवा, आणि वडिलांनी स्वतः निवडून आणलेली मोत्यांची राखी. पाटासमोर ती उभी राहिली. तिनं ताट पाटाशेजारी खाली टेकवलं.

"पप्पा," ती म्हणाली, "मी यांना राखी बांधू शकत नाही."

"का ग? पाण्याचा उपास वगैरे आहे का?"

"नाही. मला यांचा भाऊ म्हणून विचार करता येत नाही. करून पाहिलं मी. रोज सामायिकात बसून करून पाहिलं. गोत्र एक आहे, तेव्हा दुसरं काही मागत नाही मी. यापुढे भेटणारसुद्धा नाही. पण देवासमोर खोटी गाठ मारायला लावू नका."

प्रकाशचंद खुर्चीत बसले. रागावले असते तर बरं, पण ते नुसते मुलीकडे आणि मग त्या मुलाकडे बघत राहिले, जणू वीस वर्षं शोधलेलं पुस्तक हातात आलं आणि त्याची पानं कोरी निघाली. संयम पाटावरून उठला. "बाबूजी, चूक माझी..."

"अरे थांबा की जरा!" सुगनबाई चष्मा पुसत पुढे आल्या. त्यांचं लक्ष पोरांकडे नव्हतंच, टेबलावरच्या दोन झाऱ्यांकडे होतं. "ही दुसरी कुठून आली?"

"यांच्या घरची," लताबाई हळूच म्हणाल्या. "हेही झारीवाल आहेत, भुवासा. आपली भाऊकी."

"भाऊकी?" सुगनबाईंनी कपाळावर हात मारला. "परकास, भांडी विकून म्हातारा झालास आणि एवढं कळलं नाही? सख्खे असते तर घरात झारी एकच असती ना रे! पारोळ्याच्या अलीकडे, धुळ्याच्या रस्त्याला आपल्या पणजोबांची पाणपोई होती. भागीदारीतली. भागीदार दोन, म्हणून झाऱ्या दोन. आपले पणजोबा मारवाडातल्या एका गावचे, यांचे दुसऱ्याच. गोत्रही वेगळं. आपल्याकडे लेकरांचे पहिले केस कुलदैवत भेरूजीला देतात." त्या संयमकडे वळल्या. "तुमच्याकडे?"

"माताजीला," संयम म्हणाला. "माझे तिथेच दिले होते."

"झालं! कापसाच्या गाड्या घेऊन बाजाराला जाणारे शेतकरी तिथं पाणी प्यायचे. झारीवाले, झारीवाले म्हणायचे. नाव पडलं ते दोघांनाही पडलं. एवढंच."

प्रकाशचंद खुर्चीतून पुढे झुकले. "पण भुवासा... तुला इतकी खात्री?"

सुगनबाईंनी पदर नीट केला. पंच्याहत्तर वर्षांच्या त्या चेहऱ्यावर, कानशिलांजवळ, काहीतरी गुलाबी चढलं. "तू तीन वर्षांचा होतास तेव्हाची गोष्ट. माझी सगाई ठरत होती त्या घरात. बोलणी झाली होती. भाऊकीत कुणी सगाई करतं का?" मग हळूच, संयमला - "अमृत... तुझा कोण?"

"माझे दादाजी," संयमचा आवाजही हळू झाला. "तीन वर्षं झाली त्यांना जाऊन."

"हं." त्या क्षणभर झारीच्या तोटीवरून बोट फिरवत राहिल्या. "मग त्यांचा व्यापार बसला, घर उठून अमरावतीला गेलं आणि मी कांकरियांकडे आले. छान संसार झाला हो माझा, तक्रार नाही. माणूस मात्र भला होता. केस तुझ्यापेक्षा दाट होते."

संयमनं नकळत डोक्यावरून हात फिरवला आणि रुची, डोळ्यांत पाणी असतानाच, खुदकन हसली.

"पण भुवासा," प्रकाशचंद अजून सावरले नव्हते, "हे तू इतक्या वर्षांत कधी सांगितलं नाहीस!"

"मला कुणी विचारलं?"

लताबाईंनी ताटातली मोत्यांची राखी उचलली, रुचीच्या हातात दिली आणि डोळ्यांनीच टेबलाकडे खूण केली. रुचीनं ती झारीच्या बारीक मानेला बांधली. कुठल्या झारीच्या, ते तिनं पाहिलंच नाही. दोन्ही तर सारख्याच.

प्रकाशचंद मात्र बोटांवर काहीतरी मोजत होते. मोजता मोजता त्यांचा चेहरा उजळत गेला. "लता... अगं, रुचीचं लग्न झारीवालांकडे झालं, तर लग्नानंतर ती कोण?"

"झारीवालच की!" लताबाई म्हणाल्या.

ते उठलेच. कपाटातून नव्या दर्शिकेचा फॉर्म काढला, पेन उघडलं. "घरं दोन लिहू? माणसं..."

"अरे, पोरांना अजून एकमेकांना विचारू तर दे!" सुगनबाईंनी फॉर्म ओढला. "आणि पेननं नको, पेन्सिलनं लिही. दरवर्षी वाढवावं लागेल."

रुची लाजून स्वयंपाकघराच्या दारात पळाली. खिडकीत ऊन तिरपं झालं होतं. मागून पावलं आली, ओळखीची, मग कापडात पितळ घासल्याचा आवाज.

"सूर्य मावळायला दहा मिनिटं आहेत," संयम म्हणाला. "पाणी?"

तिनं पेल्याकडे हात नेला... आणि मागे घेतला. वळून त्याच्यासमोर ओंजळ धरली.

"आणि मला काही विचारायचंही आहे," तो म्हणाला.

"आधी पाणी," रुची म्हणाली. "त्यानंतर विचारा. उत्तराला सूर्यास्ताचा नियम नाही."

त्यानं झारी वाकवली. बारीक धार सुटली, आणि एक थेंबही बाहेर पडला नाही.