पेल्यासाठी आलेली गर्दी

नील, तो पॅटिओचा लाइट बंद कर, किडे येतात. अनिका, फोन खाली ठेव. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. कारण ही गोष्ट दिगंबरची आहे, आणि दिगंबर खोटं बोलत नाही. चाळीस वर्षं ओळखतो मी त्याला.

गेल्या वर्षीची तीस मे. शुक्रवार. दिवस मावळला तरी आपल्या या अख्ख्या शुगर लँड गावात शर्ट अंगाला चिकटत होता. देवदत्तचा पासष्टावा वाढदिवस. दिगंबरच्या बायकोने, सुवर्णाने, अळूवडीचे ट्रे भरले होते, पण तिचा गुडघा दुखत होता, म्हणून दिगंबर एकटाच ड्राइव्ह करत गेला. "ट्रे देतो आणि परत येतो," म्हणाला.

देवदत्त म्हणजे तेल कंपनीतला मोठा इंजिनियर. कामासाठी मॉस्कोला राहिला आणि तिथून झारचं वेड घेऊन आला. झार म्हणजे रशियाचा सम्राट. याच्या भिंतीवर त्या राजघराण्याचे फोटो, कपाटात दोन डोक्यांच्या गरुडाची छाप असलेल्या बशा. त्या रात्री तर पार्टीच शाही. बायका मखमली गाऊनमध्ये, पुरुषांच्या छातीवर पितळी बिल्ले. मधे दिगंबर, साध्या झब्ब्यात. देवदत्तने त्याला सोडलंच नाही. "अरे यार, जेवून जा!"

जेवणानंतर प्रत्येकाला रुमालात बांधलेली भेट दिली. चिवडा, लाडू आणि एनॅमलचा एक पेला. मग देवदत्त उभा राहिला.

"शेवटच्या झारचा राज्याभिषेक झाला, अठराशे शहाण्णव साली. तेव्हा मॉस्कोबाहेर खोदिन्काच्या मैदानावर अशीच पुरचुंडी फुकट वाटणार होते. सॉसेज, गोड पाव आणि पेला. लाखो लोक जमले! पेले पुरणार नाहीत अशी आवई उठली आणि हजारावर माणसं चेंगरून मेली. एका पेल्यासाठी! फुकट म्हटलं की लोक मरायलाही तयार, नाही का?"

टेबल हसलं.

दिगंबर हसला नाही. डॉक्टर झाल्या झाल्या तो गावाकडे सिव्हिल हॉस्पिटलात होता. एका जत्रेत चेंगराचेंगरी झाली, ती माणसं ट्रकमधून त्याच्यासमोर उतरवली होती. कित्येकांच्या अंगावर ओरखडाही नव्हता. नुसता श्वास कोंडलेला.

"आणि त्या रात्री झार कुठे होता, तेही सांग," दिगंबर म्हणाला.

"फ्रेंच राजदूताकडे, बॉलला. नाचायला. जाणं भाग होतं रे, प्रोटोकॉल असतो."

"त्या माणसांना माती तरी मिळाली होती का तोवर?"

"चिल, यार. सव्वाशे वर्षं होऊन गेली."

"म्हणून हसायचं? मेलेल्यांना भिकारी म्हणायचं? ज्याने बोलावलं तो नाचायला गेला, आणि हावरट कोण, तर चेंगरले ते? लाज वाटू दे, देवदत्त!"

दिगंबरला इतक्या वर्षांत कुणी ओरडताना पाहिलं नव्हतं. त्याने पेला टेबलावर आपटला आणि तरातरा निघाला. मागे देवदत्तने म्युझिक वाढवलं. वॉल्ट्झ, तेच शाही बॉलमधल्या नाचाचं.

चपला लाँड्री रूममध्ये होत्या, गराजच्या दाराशी. एवढीशी खोली. तो आत शिरला. दार मागे लागलं. लाइट लागेना.

तो चप्पल चाचपायला वाकला. खांद्याला खांदा लागला.

"सॉरी," तो म्हणाला.



तो सरळ झाला. पाठीशी कुणीतरी होतं. पुढ्यातही. घामाचा वास... ओल्या मातीचा. त्याने हात भिंतीकडे नेला.

भिंत नव्हती.

नुसते श्वास. शेकडो. मानेवर, कानाशी... मग एकेक थांबत गेला.

पाय जमिनीवरून सुटले. ओरडायला छाती फुगेना. काहीतरी मोडलं. त्याचंच.

आणि राग. त्याचा नव्हे. चहूबाजूंनी येणारा. गरम. मुका...

"माझे हात वर होते, प्रताप," तो मला नंतर म्हणाला. "खाली येतच नव्हते. का, ते नाही सांगता येत."

देवदत्तची सून, नीना, हिने दार उघडलं. चपलांच्या ढिगात दिगंबर पडलेला. तिने अँब्युलन्स बोलावली. "बाबा, म्युझिक बंद करा," म्हणाली.

देवदत्त काय म्हणाला माहितेय?

"पाहुणे घाबरतील. गराजमधून न्या त्याला."

गराजमधून नेलं. आत वॉल्ट्झ चालू! हे नीनाने मला सांगितलं त्या दिवसापासून मी त्या घराची पायरी चढलेलो नाही.

काय म्हणालीस, अनिका? "मेबी तो जस्ट पडला असेल?" नाही बेटा. तीन बरगड्या मोडल्या होत्या. एक पुढून, दोन मागून. एकाच वेळी दोन्हीकडून कसं पडतं माणूस? आणि तारीख मी नंतर शोधली. खोदिन्का घडलं तेही तीस मेलाच.

हॉस्पिटलात नर्सने झब्बा कापला तेव्हा सुवर्णा तिथे होती. छातीवर, दोन बाजूंना दोन काळेनिळे डाग. लहानसे, गोल. नर्सला कळेना कशाचे. सुवर्णा मात्र बघतच राहिली. नातवंडं वाढवलीत तिने. खांद्यावर बसवलेल्या पोराच्या टाचा कुठे टेकतात, हे तिला ठाऊक आहे.

वर्ष झालं. बरगड्या जुळल्या.

छातीवरच्या त्या टाचा अजून निळ्याच आहेत.