एका गायीला दोन डॉक्टर

आधीच सांगून टाकते, मी जरा ताठ आहे. आई मला लहानपणापासून राणीसाहेब म्हणते, आणि त्यात कौतुक कमी, टोमणा जास्त असतो. पण आमच्या भागातली पहिली मुलगी जनावरांची डॉक्टर होऊन परत आलीय, तर तिने मान खाली घालून का चालावं?

परत आले त्याच आठवड्यात काकांचा फोन आला. गाय सकाळपासून अडली होती. मी बॅग उचलून धावत गोठ्यात शिरले, आणि पाहते तर काय, एक उंच, अनोळखी माणूस बाही खांद्यापर्यंत गुंडाळून गायीमागे उभा! काकांनी मला बोलावलं होतं, काकूने त्याला. एकमेकांना विचारायची पद्धत त्या घरात नव्हतीच.

"आपण कोण?" मी विचारलं.

"डॉक्टर. आपण?"

"डॉक्टर."

"झालं," काकू म्हणाली, "एका म्यानात दोन तलवारी."

तो हसला. घामाने केस कपाळाला चिकटले होते, तरी हसला. "तलवारी नंतर काढू. वासराची मान मागे वळलीय आणि माझा हात आत फिरत नाहीय. तुमचा हात बारीक आहे... बघता?"

माझ्या हाताचं असं कौतुक आजवर कुणी केलं नव्हतं. मी साबणाने हात धुतले आणि खांद्यापर्यंत आत घातला. बोटांना ओलं नाक लागलं, मग जबडा. मान हळूच फिरवून पुढे आणली. "आता ओढा," मी म्हणाले. "थांबा... कळ येऊ दे. आता." तो मी सांगेन तसा दोर ओढत होता. वासरू गवतावर पडलं, शिंकलं, आणि आम्ही दोघं एकदमच हसलो.

नंतर एकाच बादलीत हात धुताना मी म्हणाले, "ते योजनेतले डॉक्टर म्हणजे तुम्हीच का?"

योजना सगळ्यांना पाठ होती. जिथे जनावरांना डॉक्टर नाही, अशा भागांची सरकारने यादी केली होती. त्यातल्या एका भागात पाच वर्षं राहा, तुमच्या शिक्षणाचं कर्ज सरकार फेडेल. तो आमच्याकडे येऊन दोन वर्षं झाली होती.

"मीच," तो म्हणाला.

"म्हणजे पैशासाठी आलात."

"हो, आलो पैशासाठीच." त्याने साबण माझ्याकडे सरकवला. "राहिलोय कशासाठी, ते मात्र आता बघावं लागेल."

मी साबण घेतला आणि नखं जरा जास्तच घासली. घरी आल्यावर तीन-चार उत्तरं सुचली.

मग कामं एकत्र होऊ लागली. धुक्यात मेंढ्यांना लस टोचायची, तर तो धरायचा, मी टोचायची. एका घोड्याने मला लाथ मारायचं मनात आणलं, तर याने मला दंडाला धरून मागे ओढलं, आणि घोडा निघून गेल्यावरही दंड सोडायला विसरला.

"डॉक्टर, घोडा गेला," मी म्हणाले.

"हो का? मी लक्ष नाही दिलं."

काकू म्हणते, प्रेमात पडलेला माणूस आणि पाय घसरलेला माणूस सारखाच, पडल्यावरच कळतं. मला कळलं ते दवाखान्याची नोंदणी करायला तालुक्याच्या कचेरीत गेले तेव्हा. बाबा दुधाचा टँकर चालवतात. टँकरची शेड त्यांनी माझ्या दवाखान्यासाठी रिकामी केली होती, स्वतः चुना लावला होता. फक्त नोंदणी राहिली होती.

कचेरीतल्या बाई चांगल्या होत्या. म्हणाल्या, "तुमची नोंद झाली की तुमच्याकडे कायमचा डॉक्टर आला. मग तो भाग यादीतून बाहेर. तिथल्या डॉक्टरांची मदतही बंद."

मी नोंद न करताच परतले. मी दवाखाना उघडला तर त्याच्या डोक्यावर उरलेलं सगळं कर्ज, आणि ते फेडायला त्याला कुठेतरी दूर जावं लागणार. नाही उघडला तर बाबांचा चुना वाया. टँकरमधून उतरताना बाबांनी विचारलं, "झालं का गं?" आणि मी त्यांच्याकडे न बघता खोटीच 'हो' म्हणून मान हलवली. तेव्हा मला रडूच आलं.

दुसऱ्या दिवशी तो शेडमध्ये आला. मी ताठपणे सांगून टाकलं, "मला शहरात मोठी नोकरी मिळतेय. जाईन म्हणते."

त्याने चुना लावलेल्या भिंतीवरून बोट फिरवलं. "कचेरीत नियम सांगितला वाटतं?"

"तुम्हाला... माहीत होता?"

"सही करताना वाचला होता. काकूंच्या गोठ्यात तुम्ही 'डॉक्टर' म्हणालात, तेव्हाच कळलं, माझी मदत गेली."

"मग बोलला का नाहीत?"

"बोललो असतो तर तुम्ही माझ्यावर अशीच दया केली असती." आवाज चढला नव्हता, पण तो रागावला होता. "मला नकोय ती."

"दया कुणाला आलीय?"

"मग काय आहे?"

मी चुन्याची बादली उचलून उगाच दुसऱ्या कोपऱ्यात ठेवली.

"उद्या कचेरीत चला," तो म्हणाला. "मी आलो तेव्हा लोक आजारी वासरू टेम्पोत घालून दीड तास न्यायचे, अर्धी वाटेतच जायची. आता या भागाला स्वतःची डॉक्टर आहे. यादीतून नाव खोडताना मला तिथे उभं राहायचंय. कर्जाचं माझं मी बघेन."

इतका अभिमान मला माझ्या पदवीचाही वाटला नव्हता, जितका तेव्हा त्याचा वाटला.

दुसऱ्या दिवशी बाईंनी माझी नोंद केली. मग चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं. "तुमची मदत या महिन्यापासून बंद. कळतंय ना?"

"कळतंय."

"मग आता जाणार कुठे?"

त्याने तोंड उघडलं, माझ्याकडे पाहिलं... आणि मिटलं. गोठ्यातल्यासारखं, काय करायचं ते पुन्हा मीच सांगायचं होतं.

"कुठे नाही जाणार ते," मी म्हणाले. "माझ्या दवाखान्यात काम करणार आहेत. कर्ज आम्ही दोघं मिळून फेडू. आणि लग्न करणार आहेत. माझ्याशी."

शेजारच्या टेबलावरचं टाइपिंग थांबलं. त्याचे कान लाल झाले होते.

"डॉक्टर," तो हळूच म्हणाला, "हे तुम्ही मला विचारलंत कधी?"

"विचारलं नाही. सांगितलं." आता मात्र मी मान खाली घातली. "नको असेल तर... तसं सांगा."

त्याने टेबलाखाली माझा हात शोधला आणि घट्ट धरला.

"बाई," तो म्हणाला, "या म्हणतात ते बरोबर आहे."